नागपूरला? कोण आजारी आहे?

"काकू, आम्ही दोघं शनिवार-रविवार नागपूरला जातोय," असे मी शेजारच्या काकूंना सांगितले, तर त्यांचा तांदूळ निवडणारा हात तसाच ताटात थांबला.

"काहून वं? कोन बिमार हाय?"

"कोणी नाही हो. सहज."

"सहज?" काकूंचा काही विश्वास बसेना. "मंग कोर्टाचं काई हाय का?"

मैत्रिणींनो, हसू नका. आमच्या खामगावात, किंबहुना अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात, नागपूरला जायची कारणे ठरलेली आहेत. घरात मोठे दुखणे निघाले तर नागपूर. जमिनीचा वाद हायकोर्टात गेला तर खंडपीठ नागपूरला. आणि डिसेंबरात विधानसभेचे अधिवेशन भरले की मोर्चा घेऊन नागपूर. हौसेने जायचे तर लोक शिर्डीला जातात, पुण्याला जातात, महाबळेश्वरला जातात. नवरा-बायको मुलांना मागे ठेवून मजेखातर नागपूरला निघाली, हे आमच्या गल्लीत बहुधा पहिल्यांदाच घडत होते.

एकेकाळी मात्र असे नव्हते म्हणतात. आमचे एक चुलत आजेसासरे आहेत, नव्वदी ओलांडलेले. त्यांच्याजवळ नागपूरचा विषय काढला की ते अजून "आपली राजधानी" असेच म्हणतात. वऱ्हाड १९०३ साली मध्य प्रांताला जोडला गेला, तेव्हापासून आपला कारभार नागपुरातून चाले. स्वातंत्र्यानंतरही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ ला आपले जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि राजधानीही मुंबईला गेली. त्याच्या जेमतेम पंधरवडाभर आधी, १४ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी नागपुरातच धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. "एका महिन्यात किती उलथापालथ झाली पाहा," असे आजोबा सांगतात. त्याच्या आदल्या वर्षी ते स्वतः सचिवालयातल्या कुठल्याशा कागदासाठी मोठ्या भावाबरोबर नागपूरला गेले होते. बरोबर भावाचा आठ वर्षांचा मुलगा होता. त्याला खांद्यावर बसवून महाराजबागेतला वाघ दाखवला, तर पोरगे घाबरून रडण्याऐवजी वाघाला "ये, ये" म्हणून बोलवायला लागले, ही गोष्ट आजोबांनी मला निदान पंधरा वेळा सांगितली असेल. तो आठ वर्षांचा मुलगा म्हणजे माझे सासरे, आप्पा. मी त्यांना पाहिले नाही. माझ्या लग्नाच्या तीन वर्षे आधीच ते गेले.

आजोबांची राजधानी वेगळी आणि माझे नागपूर वेगळे. २००५ ते २००८ अशी तीन वर्षे मी तिथे बी.ए. केले. धरमपेठेजवळ मुलींच्या वसतिगृहात राहत होते. मेहकरसारख्या गावातून आलेली, दोन वेण्या घालणारी मी पहिले आठ दिवस नुसती रडले. दुसऱ्या महिन्यात गोकुळपेठेच्या बाजारात पालकाच्या जुडीचा भाव करू लागले आणि सहा महिन्यांत सगळ्या मुलींची वाटाडी झाले. सीताबर्डीच्या मोदी गल्ल्यांतून बांगड्या घेऊन कोणत्या वाटेने बाहेर पडले की लवकर बस मिळते, जुन्या पुस्तकांसाठी कुठे जायचे, महिनाअखेरीला दहा रुपयांत तर्री-पोहे कुठे भरपेट मिळतात, हे सगळे मला विचारत. नागपुरात मला कुणी अमक्याची सून, तमक्याची मुलगी म्हणत नसे. माझ्या नावाने हाक मारत.

२०१० साली लग्न होऊन खामगावला आले. हे सहकारी पतसंस्थेत आहेत. माणूस सरळ, निर्व्यसनी, कमी बोलणारा. मी दोन मुले सांभाळून एका खासगी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. संसाराविषयी तक्रार करावी असे काही नाही. एकच सल होता. पंधरा वर्षांत यांनी मला एकदाही नागपूरला नेले नाही.

शेगावला गाडीत बसले की पाच-सहा तासांत नागपूर. अंतर सुमारे तीनशे किलोमीटर. आम्ही याहून लांब पंढरपूरला गेलो, कोल्हापूरला गेलो. पण नागपूर म्हटले की यांचे ठरलेले उत्तर, "काय आहे तिथं बघायला? उन्हाळ्यात भट्टी नि थंडीत मोर्चे." मी कधी हॉस्टेलच्या गमती सांगू लागले की हे उठून अंगणातल्या झाडांना पाणी घालायला जात. २०१८ साली आम्हा वर्गमैत्रिणींचे स्नेहसंमेलन ठरले. दहा वर्षांनी सगळ्या भेटणार होत्या. मी महिनाभर आधी सांगून ठेवले होते. ऐनवेळी हे म्हणाले, "मुलांची चाचणी आहे, आईंना एकटीला झेपणार नाही." झालं! मी गेले नाही. रात्री मोबाईलवर सगळ्यांचे हसरे फोटो आले. फुटाळ्याच्या काठावर ओळीने उभ्या होत्या. मी ओट्याशी उभी राहून भांडी घासता घासता रडले. नळ मोठा सोडला होता, म्हणजे आवाज जाऊ नये.

तेव्हापासून माझ्या मनाने घेतले होते की यांना माझ्या त्या तीन वर्षांचा मत्सर वाटतो. स्वतः खामगावबाहेर शिकले नाहीत, म्हणून माझे शिकणे यांना खुपते. उघड कधी बोलले नाही. पण भाजीत मीठ जास्त झाले म्हणून हे काही बोलले की मनात यायचे, 'हो, माझे नागपूरही तुम्हाला खारटच लागते.'

यंदा २०२५च्या दिवाळीच्या सुटीत योग जुळून आला. मुले आजीबरोबर मलकापूरला आत्याकडे जाणार होती. माझ्या पगारातून दर महिन्याला थोडे थोडे पोस्टात टाकून सहा हजार जमले होते. मी यांच्यापुढे पासबुक ठेवले आणि म्हटले, "तुमचा एक पैसा लागणार नाही. येत असाल तर चला, नाहीतर मी एकटी जाते."

इतक्या वर्षांत मी असे कधी बोलले नव्हते. हे पासबुकाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तिकिटं मी काढतो."

सासूबाईंना सांगताना मला धाकधूक होती. पण त्या एवढेच म्हणाल्या, "जाऊन या बाप्पा. पन रस्त्यानं नका जाऊ, रेल्वेनंच जा." समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून, मेहकर-सिंदखेडराजावरून जातो आणि गाडीवाले लोक त्यावरून भुर्रकन नागपूर गाठतात. पण १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ माणसे गेली, तेव्हापासून सासूबाईंनी त्या रस्त्याचे नाव टाकले आहे. मलकापूरला निघताना त्यांनी लेकाच्या डोक्यावरून हात फिरवला. दोन दिवसांसाठी जाणाऱ्या चाळिशीतल्या मुलाच्या डोक्यावरून कोण हात फिरवते? मला जरा गंमतच वाटली.

दुधात कणीक भिजवून दशम्या केल्या. (दशम्यांना पाण्याचा हात लावला नाही की तीन दिवस छान राहतात.) बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि लसणाचा ठेचा घेतला. हे म्हणाले, "अगं, नागपुरात जेवायला मिळतं." तरी घेतल्याच. एकदम वीस! हात आपल्या सवयीने लाटत गेला.

पहाटे शेगावला गाडीत बसलो. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, धामणगाव, वर्धा. एकेक स्टेशन मागे पडत होते तशी मी अठरा वर्षांची होत होते. माझी टकळी चालू होती. हे खिडकीबाहेर कपाशीकडे पाहत होते. वेचणी चालू होती. नागपूर आले. मी सवयीने मुख्य दाराकडे वळले, तर हे म्हणाले, "इकडून चल, संत्रा मार्केटच्या बाजूनं बरं पडतं."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"असंच," हे म्हणाले आणि पुढे चालू लागले.

मी ठरवले होते की यांना शहरभर मीच फिरवायचे. पण मेट्रोने माझी फजिती केली. माझ्या वेळी मेट्रो नव्हतीच, ती २०१९ पासून सुरू झाली. आता रेल्वे स्टेशनपासून कॉटन मार्केट, सीताबर्डी, झाशी राणी चौक करत गारेगार डब्यातून शंकरनगरला जाता येते. खालून कायम गर्दीत अडकणारी सीताबर्डी वरून पाहिली तेव्हा मला तिची ओळखच पटेना. शंकरनगरला उतरलो. जिना उतरून मी मोठ्या ऐटीत यांना म्हटले, "आता डोळे मिटूनसुद्धा नेते तुम्हाला." आणि नेमकी उलट्या बाजूला घेऊन गेले! रस्त्यावर मधोमध मेट्रोचे खांब, वर पूल, दुकानांच्या जागी काचेच्या इमारती. जिथे आमच्या झेरॉक्सवाल्याची टपरी होती तिथे दागिन्यांचे दुकान. वीस मिनिटे भटकल्यावर शेवटी एका भाजीवालीला विचारावे लागले. वाटाडी स्वतःच वाट विचारत होती. हे हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

वसतिगृह मात्र होते तिथेच होते. रंग बदललेला, भिंत उंच झालेली. फाटकावरच्या दादांनी मला आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले, "कोणाच्या आई तुम्ही? नाव सांगा मुलीचं, बोलावतो."

काय सांगू, त्या एका प्रश्नाने मला धाडकन अडतीस वर्षांची केले! मी म्हटले, "कोणाची नाही हो. मी इथे राहत होते." ते म्हणाले, "माजी असाल तर कार्यालय उघडलं की सोमवारी या." त्यांचे बरोबरच होते. मुलींच्या वसतिगृहात कोणालाही आत सोडून कसे चालेल? तेवढ्यात स्कूटी घेऊन एक मुलगी आतून आली. "काकू, जरा बाजूला होता?" मी बाजूला झाले. ती भुर्रकन निघून गेली. बहुधा तिलाही सीताबर्डीच्या सगळ्या गल्ल्या पाठ असतील.

मी फाटकाबाहेरून यांना दुसऱ्या मजल्यावरची तिसरी खिडकी दाखवली. तिथे आता कोणाचा तरी गुलाबी टॉवेल वाळत होता. हे बराच वेळ त्या खिडकीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "२००७च्या पावसाळ्यात तू इथेच होतीस?"

"होते की. तिसरं वर्ष होतं माझं. का हो?"

"काही नाही."

दुपारी सीताबर्डीत आलो. लॉजवर सामान टाकले, मोदी गल्लीतून मुलीला बांगड्या घेतल्या आणि झिरो माईलपाशी गेलो. तो वाळूच्या दगडाचा खांब आणि चार घोडे आपण सगळ्यांनी चित्रात पाहिलेले आहेत. इंग्रजांच्या मोजणी खात्याने १९०७ साली तो उभारला. पायथ्याच्या दगडावर गावांची नावे आणि अंतरे आहेत. हैदराबाद आहे, चांदा आहे, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल आहे. मी आपली बुलढाणा शोधत होते. आपले नाव त्यात नाही. मी थट्टेने म्हटले, "बघा, राजधानीला आपल्याकडचं अंतर मोजावंसंच वाटलं नाही." हे दगडाकडे न बघता रस्त्याकडे बघत म्हणाले, "इथून पायी चाळीस मिनिटं."

"कुठं?"

"कुठं नाही. चल, चहा घेऊ."

आता मात्र माझा पारा चढू लागला. सगळा दिवस हा माणूस असाच तुटक बोलत होता. ना माझ्या कॉलेजविषयी चार शब्द, ना कशाचे कौतुक. माझ्या पैशांनी, माझ्या हौसेने आणले आणि तोंड असे, जणू कोणी जबरदस्तीने ओढून आणले आहे!

संध्याकाळी फुटाळ्याला गेलो. भोसल्यांच्या काळचा हा तलाव. काठावर बसायला जागा, समोर पाण्यावर उतरलेला सूर्य. यांनी भाजलेली दोन कणसे आणली, एक माझ्या हातात दिले. आणि मी सगळे ओकून टाकले. २०१८ चे स्नेहसंमेलन, भांडी घासतानाचे रडणे, पंधरा वर्षांचे 'काय आहे तिथं बघायला', सगळे. "तुम्हाला माझं इथं शिकणं कधी आवडलंच नाही," असेही म्हणाले. आजूबाजूला माणसे होती, म्हणून आवाज दाबून बोलत होते. दाबलेला राग फार वाईट असतो हो, शब्दांना धार येते.

हे ऐकून घेत होते. कणसाला हात लावला नव्हता. मी थांबल्यावर म्हणाले, "आप्पांना इथंच आणलं होतं ना."

ते मला ठाऊक होते. म्हणजे 'नागपूरला नेलं होतं, पण उपयोग झाला नाही', एवढे एक वाक्य ठाऊक होते. लग्नाच्या वेळी ऐकलेले. त्यापुढे मी कधी विचारले नाही.

मग हे बोलू लागले. पंधरा वर्षांत एका दमात इतके बोललेले मी ऐकले नव्हते.

२००७ चा पावसाळा. आप्पांना तंबाखूची सवय होती, घशाचा कॅन्सर झाला. एका मोठ्या सरकारी दवाखान्यात भरती केले. सत्तेचाळीस दिवस. हे तेव्हा चोवीस वर्षांचे. वॉर्डात रात्री एकाच नातेवाइकाला थांबता येई. म्हणून पहिल्या महिन्यात मामा आत आणि हे बाहेर, आवारातल्या कडुलिंबाखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरून. पाऊस आला की कागद डोक्यावर. एक औषध सीताबर्डीतल्या दुकानात मिळायचे. बसचे पैसे वाचवायला हे पायी यायचे, पायी जायचे. चाळीस मिनिटे. सासूबाईंच्या पाटल्या त्याच महिन्यात मोडल्या. (पाटल्या हरवल्या, असे मला सांगितले होते.) दुपारी कोणी दानशूर लोक पातेली घेऊन यायचे आणि नातेवाइकांना खिचडी वाढायचे. पहिल्या दिवशी यांना रांगेत उभे राहायची लाज वाटली, दुसऱ्या दिवशी भुकेने लाज ठेवली नाही.

"आप्पांना बोलता येईना झालं होतं," हे म्हणाले. "पाटीवर लिहून दाखवायचे. एकदा लिहिलं, बरा झालो की महाराजबाग बघून जाऊ. लहानपणी पाहिलेला वाघ त्यांच्या डोक्यात होता. मी म्हटलं, नक्की जाऊ. ते राहिलं."

थोड्या वेळाने म्हणाले, "तू हॉस्टेलच्या गमती सांगायचीस. पावसात भिजत आइस्क्रीम खाल्लं, रात्री गच्चीवर गाणी म्हटली. तुझी चूक काहीच नाही. पण मला वाटायचं, हा तोच पाऊस असेल का? मी तुला काय सांगणार होतो? तुझं नागपूर चांगलं होतं. ते कशाला नासवायचं?"

मला शब्द सुचेना. मी माझ्या हातातले अर्धे खाल्लेले कणीस पाहत बसले. २००७च्या पावसाळ्यात, याच शहरात, तीन-चार किलोमीटरवर हा माणूस कागद डोक्यावर घेऊन बसला होता आणि मी गच्चीवर गाणी म्हणत होते. दोघांचीही त्यात चूक नाही. पण नंतरच्या पंधरा वर्षांत मी एकदाही विचारले नाही, की आप्पा गेले म्हणजे नेमके कसे गेले हो? माझी मात्र अपेक्षा, यांनी माझ्या खिडकीविषयी विचारावे! मी मराठी शिकवते. मुलांना रोज सांगते, धडा वाचल्यावर प्रश्न विचारा. घरातला धडा मी न वाचताच बाजूला ठेवला होता.

तसे सगळा दोष माझाच, असेही मी म्हणणार नाही. त्या रात्री लॉजवर यांना मी तेही सांगितले. "मुलांची चाचणी म्हणून खोटं सांगण्यापेक्षा हे एक वाक्य सांगितलं असतं, तर मी एकटी जाऊन आले असते आणि तुमच्यावर रागही धरला नसता. मला मैत्रिणी भेटल्या असत्या." हे गप्प राहिले. मग म्हणाले, "ते माझं चुकलं." आमच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले. पुरुषांना ते फार जड जाते. मी लगेच दिवा मालवला, म्हणजे त्यांना अवघड वाटू नये.

रविवारी सकाळी मी म्हटले, "चला, दवाखान्यात जाऊ."

"कशाला?"

"तुम्ही माझं हॉस्टेल पाहिलंत. आता मला तुमचं झाड दाखवा."

रिक्षा न करता पायीच निघालो. चाळीस नाही, पन्नास मिनिटे लागली. माझी चाल ती. दवाखान्याचे आवार मोठे. नवीन इमारती झाल्या आहेत, पण कडुलिंब तसाच होता. बुंध्याभोवती पार बांधला आहे. त्याच्याखाली आजही माणसे होती. चादरी, पाण्याच्या बाटल्या, झाडाच्या फांदीला टांगलेली पिशवी. हे पाराजवळ उभे राहिले. चप्पल काढली. देवळात काढतो तशी नव्हे, अशीच काढली आणि पुन्हा घातली.

पाराच्या कडेला एक नवरा-बायको बसले होते, आमच्याहून थोडे मोठे. बाईने विचारले, "कोठचे हो तुमी?" खामगाव म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. "आमी लोणारचे!" परक्या शहरात आपल्या जिल्ह्याचे माणूस म्हणजे माहेरचेच. त्यांचा मुलगा आत होता, दुचाकीवरून पडलेला. नऊ दिवस झाले होते. हे त्या माणसाजवळ बसले आणि दहा मिनिटांत सगळे विचारून घेतले. कागद कोणते काढले, रेशनकार्ड आणले का, सरकारी योजनेचा अर्ज केला का, तो कोणत्या खिडकीवर करायचा. मुखदुर्बळ म्हणून ज्यांना मी पंधरा वर्षे नावे ठेवली, ते हेच का, असे मला वाटले.

माझ्या पिशवीत अकरा दशम्या उरल्या होत्या. मी डबा त्या बाईपुढे केला. ती नको नको म्हणाली. मी म्हटले, "घ्या हो वहिनी, घरच्याच आहेत. दुधातल्या आहेत, उद्यापर्यंत राहतील." तिने घेतल्या. डबा परत द्यायला पाहत होती, मी घेतला नाही. चांगला स्टीलचा होता, पण असू दे.

गाडी संध्याकाळची होती. दुपारी महाराजबागेत गेलो. प्राणी बघायला आत काही गेलो नाही. एका झाडाखाली बसून हे म्हणाले, "आजोबा सांगतात ती गोष्ट खरी असेल का गं, आप्पा वाघाला 'ये, ये' म्हणायचे ती?" मी म्हटले, "खरीच असणार." आणि आम्ही दोघेही हसलो. एवढेच. मग संत्रा बर्फीचे चार डबे घेतले आणि स्टेशन गाठले. या वेळी मी न सांगता संत्रा मार्केटच्या बाजूला वळले.

दुसऱ्या दिवशी सासूबाई मुलांना घेऊन परत आल्या. मुलांनी बर्फीवर झडप घातली. मी एक डबा आप्पांच्या फोटोपुढे ठेवला होता. सासूबाईंनी तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिले. लेकाला काही न विचारता मलाच म्हणाल्या, "गेल्ता का तिथी?"

"हो आई."

"निंबाचं झाड हाय का अजून?"

त्या शेवटचे आठ दिवस तिथे होत्या, हे मला फुटाळ्यावर कळले होते. म्हणजे घरात सगळ्यांना ते झाड ठाऊक होते. मी म्हटले, "आहे. पार बांधलाय आता. बसायला बरं झालंय." त्यांनी मान हलवली. "बरं झालं," म्हणाल्या. "लोकायले वल्यात बसा लागे."

पुढच्या सुटीत सासूबाईंना आणि मुलांना घेऊन जायचे ठरले आहे. मुलांना मेट्रोत बसायचे आहे, आजोबांच्या गोष्टीतला वाघ शोधायचा आहे. माझ्या वर्गमैत्रिणींनाही मी कळवले आहे. हे म्हणाले, "त्या दिवशी मुलं मी सांभाळतो, तू खुशाल जा." आणि पोस्टातले खाते पुन्हा रिकामे झाले होते, त्यात या महिन्यात तीनशे रुपये भरले. दोनशे माझे, शंभर यांचे.

शेजारच्या काकू परवा पुन्हा अंगणात भेटल्या. म्हणाल्या, "खरं सांग वं, कोनी बिमार नव्हतं ना?"

मी म्हटले, "नाही काकू. बसा, बर्फी आणते."